दोन वाऱ्यांच्या मध्ये

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी सातवीतली मुलगी चाचणी परीक्षा जवळ आली की भूगोलाचे पुस्तक घेऊन माझ्याकडे येते. मला शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी जिन्यातून ‘बाई’ अशी हाक आली की मी हातातले काम बाजूला ठेवते. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ती आली तेव्हा मी गॅलरीत द्राक्षे निवडत बसले होते. तिच्या वहीत प्रश्न लिहिलेला होता : खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा. मी घडाघडा सांगितले. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी उशिरा तापते आणि उशिरा निवते. म्हणून दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा, आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. एकतीस वर्षे हेच शब्द, याच क्रमाने, मी फळ्यासमोर उभी राहून उच्चारले आहेत. तिने ते लिहून घेतले, पुस्तकातल्या दोन आकृत्यांकडे पाहिले, पेन्सिलीचे टोक ओठांवर टेकवले आणि विचारले, “बाई, पण मधे कुठला वारा असतो?”

“मधे म्हणजे?”

“म्हणजे रात्रीचा बंद झाला आणि दिवसाचा अजून सुरू नाही झाला, तेव्हा.”

मी तिला उद्या ये म्हणाले.

उत्तर मला ठाऊक नव्हते असे नाही. ते मी जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी डोळ्यांनी पाहिले होते, कानांनी ऐकले होते, आणि पुरते कळायच्या आत माझ्याच तोंडच्या तीन शब्दांनी मोडून टाकले होते. त्या दिवसापासून ती गोष्ट मनात कुसळासारखी रुतून बसली होती. कुणाला सांगावी एवढी ती मोठी नव्हती. पोरीने सहज विचारले आणि ती वर आली.

माघातली शुद्ध चतुर्दशी होती. धाकट्या भावाने खांदेरी, उंदेरी आणि कुलाबा हे तीन जलदुर्ग एकाच दिवसात, आणि तेही शिडाच्या होडीने करायचे असे वर्षभर मनाशी धरले होते. भाऊ, भावजय, भाचा आणि मी असे चौघे आदल्या दुपारी नाशिकहून निघालो आणि कसारा घाट, भिवंडी, पनवेल, पेण करत रात्री अलिबागजवळच्या थळला पोचलो. भावाला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचे होते, त्यामुळे तीन किल्ले पाहून रात्रीच परतीची वाट धरणे भाग होते. भाच्याने सगळ्या दिवसाचे वेळापत्रक फोनमध्ये तयार ठेवले होते : साडेसातला निघणे, सव्वाआठला उंदेरी, दहाला खांदेरी, दीडला कुलाबा, चारच्या सुमारास ओहोटीत चालत अलिबाग. गाडी घेऊन चालक तिथे थांबणार होता. थळच्या बंदरात आता शीड लावून जाणारी होडी मिळणे सोपे नाही. जिथे तिथे इंजिनाचीच होडी. भावाने ओळखीतून ओळख काढत एका वयस्कर तांडेलांपर्यंत, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखापर्यंत, मजल मारली होती. त्यांच्या होडीला इंजिन होतेच, पण त्यांनी डोलकाठी काढून टाकली नव्हती आणि शीडही जपून ठेवले होते.

सकाळी आम्ही त्यांच्या हाती नाशिकच्या द्राक्षांची पेटी ठेवली. त्यांनी ती उघडून एक मणी तोंडात टाकला, मान डोलावली आणि पेटी होडीतल्या सावलीच्या जागी सरकवून ठेवली. मग भाच्याच्या फोनकडे एकदा पाहून ते म्हणाले, “आज चवदस. चौदा पाऊणे साडेदहा. साडेदहाला भरती फुल.” मी थबकलेच. समुद्रकाठी तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मी मुलांना सांगत असे. पण ते सांगताना माझ्या हातात खडू असायचा आणि फळ्यावर तीन-चतुर्थांश असे लिहिलेले असायचे. माझ्या आजोबांनी पाठ केलेली पाऊणकी अशी कुणाच्या तरी जिभेवर रोजच्या कामाला जिवंत असेल, हे कधी मनात आले नव्हते. भाच्याने फोनवर भरतीची वेळ काढली, तीही साडेदहाच्या आसपासचीच निघाली, आणि तो तांडेलांकडे वेगळ्याच आदराने पाहू लागला.

किनारा सोडताना थोडे अंतर इंजिनावर गेलो. मग तांडेलांनी ते बंद केले आणि त्यांच्या हाताखालच्या पोराने परबाण, म्हणजे शीड बांधलेली आडवी काठी, वर ओढायला घेतले. शीड जुने होते, पिवळट पडलेले, तीन-चार ठिकाणी वेगळ्या रंगाची ठिगळे होती. ते अर्ध्यावर गेले तोच मागून, म्हणजे गावाकडून, गार वाऱ्याची झुळूक आली आणि आत जणू कुणी फुंकर घातल्यासारखे ते टम्म झाले. होडीने एकदा अंग चोरले, कलली आणि चालू लागली. त्या वाऱ्याला वास होता. ओल्या मातीचा, चुलीच्या धुराचा, सुकत घातलेल्या मासळीचा, आणि मधूनच कुठल्या तरी वाडीतल्या सुपारीच्या फुलोऱ्याचा. समुद्रावर बसून मी जमिनीचा वास घेत होते. अरबी भाषेत ‘मतला’ म्हणजे उगवतीची जागा, आणि हा वारा उगवतीकडूनच येतो. रात्रभर निवलेल्या जमिनीवरची जड हवा खाली उतरून पाण्याकडे निघालेली असते, तिच्यावर बसून कोळी बांधव पहाटे बाहेर पडत आले आहेत. हे सगळे मी शिकवले होते. पण तो वारा मानेला लागतो तेव्हा पदर घट्ट ओढून घ्यावासा वाटतो, हे मी कधी सांगितले नव्हते.

उंदेरी पटकन आली. इथे धक्का नाही. तांडेलांनी खडकांपासून थोड्या अंतरावर होडी तोलून धरली, लाट वर आली की “आता!” म्हणायचे आणि आपण उडी मारायची. भावजयीने माझा हात धरून ठेवला होता. सिद्दीने १६८० च्या जानेवारीत हे बेट बळकावून तटबंदी सुरू केली ती केवळ समोरच्या खांदेरीला शह म्हणून, आणि आजही बेटावर उभे राहिले की हे बेट समोरच्याकडे डोळे वटारून पाहते आहे असेच वाटते. तटावर झुडपे माजलेली, पाण्याची टाकी, गवतात आडव्या पडलेल्या तोफा. आम्ही भरभर फिरलो, भाच्याने फोटो काढले, आणि पाऊण तासात पुन्हा खडकांवरून होडीत उतरलो. वेळापत्रक अगदी बरोबर चालले होते.

आणि मग ते झाले.

उंदेरी मागे पडून थोडाच वेळ झाला असेल, शिडाचा फुगार कमी होऊ लागला. आधी कडा फडफडल्या, मग पोटात सुरकुत्या आल्या आणि बघता बघता वाळत घातलेल्या नऊवारीसारखे ते सरळ खाली लोंबू लागले. होडीच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, इतका वेळ चाललेली खळखळ थांबली. ती थांबेपर्यंत ती चालली होती हेच माझ्या लक्षात नव्हते. पाणी तेल ओतल्यासारखे झाले आणि त्यात ठिगळांसकट शिडाचे प्रतिबिंब पडले. मी मागे वळून पाहिले तेव्हा थळच्या खत कारखान्याच्या चिमणीचा धूर, जो सकाळी समुद्राकडे कललेला होता, तो दोरी टांगल्यासारखा सरळ वर गेला होता. परबाण हलकेच कुरकुरत होते. दूर किनाऱ्यावर कुणी तरी लाकडावर काही ठोकत होते, त्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. खांदेरी समोर होती, दीपगृहाचा मनोरा उन्हात उजळला होता, आणि आम्ही तिच्याकडे तसूभरही सरकत नव्हतो. तांडेलांनी सुकाणूवरचा हात काढला, द्राक्षांची पेटी पुढे घेतली आणि म्हणाले, “वारा पडला. बसू जरा. फिरंल आता.”

भाच्याने फोन पाहिला. भावाने माझ्याकडे पाहिले. सगळे थोरल्या बहिणीच्या तोंडाकडे पाहतात तेव्हा काही तरी ठरवावे लागते अशी मला आयुष्यभराची सवय आहे. आठ-दहा मिनिटे गेली असतील. मी म्हणाले, “इंजिन लावा की.”

तांडेल काही बोलले नाहीत. त्यांनी पोराला खूण केली. पोराने शीड उतरवले, गुंडाळले, दोराने बांधले आणि हँडल मारून इंजिन सुरू केले. धक्-धक्-धक् आवाजात किनाऱ्यावरचे ठोकणे बुडाले, डिझेलचा वास आला, शिडाचे प्रतिबिंब होते त्या जागी फेसाळ पाण्याची रेघ उमटली. पेटी पुन्हा सावलीत गेली. वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही खांदेरीच्या धक्क्याला लागलो. दहा वाजून पाच मिनिटे झाली होती.

खांदेरीवर पाय ठेवताना माझ्या मनात कसलीच खंत नव्हती, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवे. उलट हायसेच वाटले होते. धक्क्याजवळच्या मंदिरात वेताळाची पांढरी रंगवलेली भली मोठी शिळा आहे. कोळी बांधवांची तिच्यावर गाढ श्रद्धा आहे, आणि आमच्याबरोबर चढून आलेल्या पोराने चप्पल बाहेर काढून तिच्यापुढे डोके टेकवले तेव्हा आम्हीही नकळत हात जोडले. पुढे एक खडक आहे, त्यावर दगडाने ठोकले की लोखंडी भांड्यासारखा नाद येतो. भाचा तिथून हलायला तयार नव्हता. तटाच्या कडेने फिरताना लोखंडी गाड्यावर बसवलेली तोफ लागली. गाड्याची चाके गंजून तांबडी झाली होती, आणि मी हात लावला तेव्हा तळव्याला तो गंज घरी येईपर्यंत राहिला.

खांदेरीबद्दल मला नाशिककर म्हणूनही एक ओढ होती. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आमच्या जिल्ह्यातला साल्हेर आहे आणि ही खांदेरीही आहे. साल्हेर १५६७ मीटर उंच, सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्ला. त्याच्या माथ्यावर वारा इतका असतो की माणसाला वाकून चालावे लागते. तरुणपणी मी तो चढले आहे. आणि खांदेरी ही समुद्रसपाटीलाच टेकलेली. १६७९ मध्ये मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे घेऊन या बेटावर उतरले आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तट उभा राहू लागला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ते थांबवण्यासाठी जहाजे पाठवली. त्या महिन्यांची हकिकत मी अनेकदा वाचली होती. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की जागच्या जागी उभी. मराठ्यांच्या होड्या उथळ आणि हलक्या. त्या रात्री वल्ह्यांवर नागावच्या बाजूने निघत, जहाजांच्या मधून निसटून बेटावर माणसे आणि सामान पोचवत आणि उजाडायच्या आत परत फिरत. ऑक्टोबरातल्या लढाईत तर इंग्रजांची डोव्ह ही गुराब जातीची लढाऊ नौकाच मराठ्यांच्या हाती लागली. मी भाच्याला हे सांगत होते, आणि सांगता सांगता ‘वारा पडला की’ या शब्दांपाशी माझी जीभ क्षणभर अडखळली. वारा पडणे म्हणजे काय ते मला अर्ध्या तासापूर्वी कुणी तरी दाखवायला घेतले होते.

आम्ही १८६७ सालच्या अष्टकोनी दीपगृहापाशी उभे होतो. सव्वाअकरा झाले असतील. पश्चिमेकडे, क्षितिजाच्या थोडे अलीकडे, पाण्यावर एक गडद पट्टा दिसला. कुणी निळ्या पाटीवर ओला हात फिरवावा तसा. तो पट्टा रुंद होत, आमच्याकडे सरकत येत होता. त्याच्या पुढचे पाणी चकचकीत आणि मागचे पाणी बारीक खवल्यांचे. भाऊ म्हणाला, “पाऊस आहे का तिकडे?” पाऊस नव्हता. तो वारा होता. पाण्यावरून चालत येणारा खारा वारा मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, तो अंगाला लागायच्या आधी पाहत होते. पट्टा बेटाच्या खडकांपर्यंत आला, खालच्या झुडपांची पाने उलटली, मग माझा पदर उडाला. मी लगेच किनाऱ्याकडे वळून पाहिले. चिमणीचा धूर अजून सरळ होता. मी मोजले नाही, पण बरीच मिनिटे गेली आणि मग तोही हळूच वाकला, या वेळी जमिनीकडे, डोंगरांच्या बाजूला.

खाली धक्क्यावर तांडेल होडीत एकटे बसले होते. त्यांनी शीड मोकळे करून ठेवले होते.

परतताना ते खूश होते. खांदेरीपासून कुलाबा नऊएक किलोमीटर, आग्नेयेला. वारा वायव्येचा, बरोबर पाठीशी. शीड एकदा भरले ते कुलाब्यापर्यंत रिकामे झाले नाही. होडी लाटेच्या पाठीवर चढायची, क्षणभर थांबायची आणि घसरगुंडीवरून सोडल्यासारखी पुढे जायची. नाळेवरून उडालेले पाणी ओठांवर खारट लागायचे. भाचा ओरडत होता, भावजय, जी सकाळपासून होडीची कड सोडत नव्हती, ती दोन्ही हात सोडून हसत होती. पोराने शिडाचा दोर भाच्याच्या हातात दिला आणि वाऱ्याची ओढ त्याच्या खांद्यापर्यंत पोचली तसा त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. मी तांडेलांना विचारले, “सकाळी थांबलो असतो तर किती वेळ लागला असता?” ते म्हणाले, “तास. सव्वा तास. सांगता येत नाही, ताई.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, “तेवढ्यात आम्ही न्याहारी करतो. बापाच्या वेळेपासून.”

दिवसभर पुढे सरकवलेली आणि परत सावलीत गेलेली ती द्राक्षांची पेटी तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली. त्यांनी ती न्याहारीसाठीच पुढे ओढली होती.

कुलाब्याला आम्ही ठरल्या वेळी पोचलो. रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले, पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलो, तटावरच्या चाकांच्या गाड्यांवर उभ्या असलेल्या दोन इंग्रजी तोफा पाहिल्या. आणि मग करायला काही उरले नाही, कारण चालत अलिबागला जायचे तर पाणी उतरायला हवे होते आणि पाणी अजून उतरत होते. तांडेलांना थळकडे परत जायचे होते म्हणून ते आधीच निघाले. जाताना त्यांनी उरलेली द्राक्षे पोराच्या मांडीवर ठेवली. इंजिन लावून वाचवलेला तास आम्ही कुलाब्याच्या दरवाजात बसून घालवला, उतरणाऱ्या पाण्याकडे आणि हातातल्या घड्याळाकडे आळीपाळीने पाहत. चारच्या सुमारास वाळूची पाठ उघडी पडली आणि आम्ही समुद्राच्या तळावरून चालत किनाऱ्यावर आलो. पायांखाली वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या तशाच उमटून राहिलेल्या होत्या. दिवसा जिथे होडी आली असती तिथे एक लहान मुलगा शिंपले गोळा करत होता.

नाशिकच्या माणसाला पाण्याची घाई ओळखीची असते, पाण्याची वाट पाहणे नसते, असे मला परतीच्या रस्त्यात वाटत राहिले. आमची नदी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. पण ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला १४६५ किलोमीटरचा प्रवास करत जाते. गंगापूर धरणातून पाणी सोडले की पंचवटीत बातमी आधी येते आणि पाणी मागून येते. मग सगळे शहर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे धावते : गुडघ्याला लागले, कमरेला आले, गळ्याशी पोचले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी तो पूर पाहिला आहे आणि पाणी मारुतीच्या छातीशी आले तेव्हा टाळी वाजवल्याबद्दल धपाटाही खाल्ला आहे. आमच्याकडे पाणी चढते किंवा उतरते. ते चढायचे थांबले आहे आणि उतरायला लागलेले नाही, अशी वेळही असणारच. ती पाहायला घाटावर कुणी थांबत नाही. मीही कधी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. मी तिला पुस्तक मिटायला सांगितले आणि जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर तीन चौकटी आखल्या. पहिलीत तिने रात्र काढली, चंद्र काढला, बाण जमिनीकडून समुद्राकडे. तिसरीत सूर्य, बाण समुद्राकडून जमिनीकडे. मधल्या चौकटीत मी तिला एक चिमणी काढायला सांगितली आणि तिचा धूर सरळ वर. मग होडी, डोलकाठी, आणि खाली लोंबणारे शीड, त्यावर ठिगळे. जमीन आणि पाणी दोन्ही सारखीच तापलेली असतात, म्हणून हवा कुठे जायचे ते ठरवत नाही, एवढे मी सांगितले. तिने रंगीत खडूने होडीत सहा माणसे काढली. चार आम्ही, एक पोर, एक तांडेल. तांडेलांच्या हातात तिने काय द्यायचे ते विचारले. मी द्राक्षे म्हणाले.

“बाण कुठे काढू?”

“या चित्रात बाण नाही.”

तिने हिरवा खडू घेऊन द्राक्षांचा घड नीट, एकेक मणी करून काढला. मग चित्र थोडे दूर धरून पाहिले. “बाई, ही माणसं काय करतायत?”

“न्याहारी,” मी म्हणाले, आणि तिने प्रत्येकाच्या हातात एकेक मणी काढायला घेतला.